वेंकटची दुसरी इनिंग

मा. संपादक,

निवृत्त क्रिकेटपटू पुढे काय करतात, असा विषय निघाला की समालोचन, प्रशिक्षण आणि निवड समिती याच गोष्टी बोलल्या जातात. पंचगिरीचे नाव कुणी काढत नाही. म्हणून हे पत्र.

१९७१च्या ओव्हल कसोटीत एकनाथ सोलकरने ॲलन नॉटचा अशक्यप्राय झेल घेतला, तो आमच्या पिढीला पाठ आहे. पण तो चेंडू ज्याने टाकला होता, त्या एस. वेंकटराघवनचे पुढे काय झाले, हे तरुणांना विचारून पाहा. कर्णधार अजित वाडेकरांच्या त्या संघाचा तो उपकर्णधार. ५७ कसोटी, १५६ बळी; १९७५ आणि १९७९च्या विश्वचषकांत भारताचा कर्णधार. आणि एवढे सगळे करून झाल्यावर हा माणूस पांढरा कोट चढवून पुन्हा मैदानात उतरला. १९९३ साली इंग्लंडविरुद्धच्या कोलकाता कसोटीत तो प्रथमच कसोटी पंच म्हणून उभा राहिला आणि २००४पर्यंत त्याने ७३ कसोटींत पंचगिरी केली. खेळला त्याहून जास्त कसोट्या!

मी स्वतः बरीच वर्षे क्लबच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहिलो आहे, त्यामुळे या आकड्याचे वजन मला कळते. गोलंदाजाचा पाय रेषेवर पडतो की पुढे ते पाहायचे, आणि पुढच्या क्षणी नजर उचलून दुसऱ्या टोकाला न्यायची. चेंडू कुठे टप्पा पडला, पॅडला कुठे लागला, आधी बॅटला लागला का? तोवर अकरा जण ओरडत असतात. वेंकटच्या काळी धावबादसाठी तिसरा पंच होता, पण पायचीतचा किंवा बॅटच्या पुसट कडेचा निर्णय त्यालाच द्यावा लागे. डीआरएस, म्हणजे पंचाचा निर्णय रिप्ले पाहून तपासून घेण्याची सोय, त्याच्या निवृत्तीनंतर आले. ऑफ स्पिन टाकण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला चेंडू किती वळेल, याचा अंदाज इतरांपेक्षा लवकर येत असणार, असे मला नेहमी वाटते.

१९९९च्या विश्वचषकातला ऑस्ट्रेलिया-दक्षिण आफ्रिका उपांत्य सामना आठवा. दोन्ही संघ २१३वर, शेवटच्या षटकात धाव घेताना आफ्रिकेच्या क्लूसनर-डोनाल्डचा तो गोंधळ आणि डोनाल्ड धावबाद. त्या सामन्यात डेव्हिड शेफर्डसोबत वेंकट उभा होता. २००२मध्ये आयसीसीने अव्वल आंतरराष्ट्रीय पंचांचे एलिट पॅनेल नेमले, त्यातही तो होता. त्याच्यानंतर त्या पॅनेलवर पुढचा भारतीय, एस. रवी, यायला २०१५ उजाडले. क्रिकेटवेड्या देशासाठी ही दशकभराची पोकळी मला फार बोचते.

२००८च्या १९ वर्षांखालील विश्वविजेत्या संघातला तन्मय श्रीवास्तव २०२५च्या आयपीएलमध्ये पंच म्हणून दिसला, तेव्हा खरोखर आनंद झाला. रणजी खेळून तिशी-पस्तिशीत थांबणारे कितीतरी खेळाडू आपल्या राज्यातही आहेत. मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ या तिन्ही क्रिकेट संघटनांना माझी कळकळीची विनंती आहे : त्यांच्या निरोपाच्या हारासोबतच पंच परीक्षेचा अर्ज त्यांच्या हातात ठेवा, आणि पहिली काही वर्षे त्यांचे घर चालेल इतके मानधन द्या.

आपला,
एक जुना क्लब पंच