दुर्बिणीचा आरसा कोल्हापुरात घासला जावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात सूर्यमाला हमखास असते. रंगवलेले थर्माकोलचे गोळे आणि खाली चिठ्ठी: युरेनस, शोध १७८१, विल्यम हर्शेल. मुलं धडाधड म्हणून दाखवतात. पण तो सापडला कसा, असं विचारलं की ‘दुर्बिणीनं’ म्हणतात आणि थांबतात. ती दुर्बीण कुणी आणि कशी केली, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. माझं आयुष्य उद्यमनगरात लेथवर गेलं, म्हणून मला हे फार मनाला लागतं. ग्रहांच्या शोधाचा निम्मा इतिहास वर्कशॉपमध्ये घडलेला आहे.

हर्शेल पेशानं संगीतकार, इंग्लंडमधल्या बाथ गावी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा. मोठी दुर्बीण विकत घेणं परवडेना, तेव्हा तो तांबं आणि कथील वितळवून, दुर्बिणीत भिंगाच्या जागी प्रकाश गोळा करणारे खोलगट आरसे स्वतःच ओतू लागला. आपण यंत्रांच्या बुशसाठी गनमेटल, म्हणजे तांब्या-कथलाचाच मिश्रधातू, ओततो, त्यात कथील साधारण दहा टक्के. आरशाच्या धातूत ते जवळजवळ तिप्पट असतं. त्यामुळे तो धातू पांढरा निघतो, चकाकी उत्तम घेतो, पण भलताच ठिसूळ असतो. एकदा पॉलिशला बसल्यावर हात काढायचा नाही म्हणून हर्शेल सोळा तास जागचा हलला नाही आणि बहीण कॅरोलिन त्याला घास भरवत राहिली. अशा मेहनतीनं केलेल्या जेमतेम सव्वासहा इंची आरशातून १३ मार्च १७८१ च्या रात्री एक ‘तारा’ त्याला बारीक चकतीसारखा दिसला. आधी त्याला तो धूमकेतू वाटला. कक्षेचं गणित झाल्यावर ग्रह ठरला. इंग्लंडचा खगोलशास्त्रज्ञ फ्लॅमस्टीड यानं १६९० मध्येच हा ग्रह पाहून तारा म्हणून नोंदवला होता, कारण त्याच्या साधनातून चकती कळत नव्हती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हर्शेलनं तीन फुटी आरसा ओतायचा घाट घातला. साच्यासाठी घोड्याची लीद खलात कुटून चाळणीनं चाळली, त्यात कॅरोलिनचेही हात होते. ऐन वेळी भट्टी गळली आणि तापलेला रस दगडी फरशीवर सांडला. फरशीचे तुकडे छतापर्यंत उडाले आणि हर्शेल बंधू, ओतारी, मजूर सगळे मिळेल त्या दारानं बाहेर पळाले. आपल्या फौंड्रीतल्या माणसाला यात काही समजावून सांगावं लागणार नाही.

नेपच्यून १८४६ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिएच्या गणितानं सापडला, हे खरं. पण बर्लिनच्या वेधशाळेत तो शोधणाऱ्या गाले आणि द’अरेस्ट यांच्या हाताशी फ्राउनहोफरच्या कारखान्यातली दुर्बीण आणि ताजा तारानकाशा होता, म्हणून काम एका रात्रीत झालं. प्लूटो शोधणारा क्लाइड टॉम्बॉ तर कॅन्ससचा शेतकऱ्याचा मुलगा. जुन्या ब्यूक गाडीचा क्रँकशाफ्ट आणि दुधातली साय काढायच्या यंत्राचे भाग वापरून त्यानं नऊ इंची दुर्बीण उभी केली होती. तिच्यातून काढलेली मंगळ आणि गुरूची चित्रं पाहून लॉवेल वेधशाळेनं त्याला बोलावलं, आणि १९३० मध्ये वयाच्या चोविसाव्या वर्षी त्याला प्लूटो सापडला. २००६ पासून प्लूटोला बटुग्रह म्हणतात; माझ्या लेखी त्यानं टॉम्बॉचं काम कमी होत नाही. आज आपल्याच देशात माउंट अबूला दूरच्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधले जातात, तेही तिथल्या शास्त्रज्ञांनी स्वतः उभारलेल्या वर्णपटमापकानं, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडून मोजणाऱ्या यंत्रानं.

कोल्हापूरला हे काम परकं नाही. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात बनवला. मग आपल्या पोरांनी दुर्बीण का करू नये? सहा इंची दोन जाड काचा, घासायची कार्बोरंडम पावडर आणि पाणी एवढ्यावर सुरुवात होते. एक काच दुसरीवर घासत गेलं की वरची आपोआप खोलगट होते. शेवटच्या पॉलिशला पृष्ठभाग मायक्रॉनच्या दहाव्या भागाहूनही अचूक लागतो. माझ्या मायक्रोमीटरवर ते मोजताही येत नाही, पण हातानं साधतं आणि दिव्याच्या साध्या चाचणीनं तपासता येतं. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेनं अशा कार्यशाळा घेतल्या आहेत. अशी दुर्बीण मसाई पठारावर नेली तर युरेनसची हिरवट निळी चकती मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

आपल्या वृत्तपत्रानं पुढाकार घेऊन उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावचे कारखानदार आणि विज्ञान शिक्षक यांना एकत्र बसवावं आणि येत्या उन्हाळी सुट्टीत आरसा घासण्याची कार्यशाळा घ्यावी, ही कळकळीची विनंती. पहिल्या दुर्बिणीचा स्टँड आणि बेअरिंगचं टर्निंग मी माझ्या लेथवर विनामोबदला करून देईन.

आपला,
एक ज्येष्ठ टर्नर,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर