काका, सावलीची कड बघायला शिकले

सप्रेम नमस्कार काका,

आजोबांचा जुना, घडीच्या भात्याचा फिल्म कॅमेरा, झाइस इकॉन नेट्टार, घेऊन तुमच्या दुकानात आले, त्याआधी एकांनी "शोकेसमध्ये ठेवा" असं सांगून मला परत पाठवलं होतं. तुम्ही मात्र माझे दोन रोल खिडकीशी धरलेत आणि विचारलंत, "हा पावसाळ्यातला, आणि हा उन्हातला ना?"

अगदी बरोबर! ढगाळ दिवसांतल्या बाराही फ्रेम स्वच्छ होत्या, मे महिन्यातल्या निगेटिव्हवर मात्र दर फ्रेमला एकाच जागी काळा पट्टा. तुम्ही दिवा मालवलात, लेन्समागच्या घड्यांच्या भात्यात टॉर्च धरलात, आणि घडीच्या कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढे दोन ठिपके लुकलुकले. ढगाळ उजेडात तेवढं भोक खपून जातं, उन्हात नाही. तुम्ही बारीक ब्रशने काळ्या रंगाचे दोन हात दिलेत, आणि ते वाळेपर्यंत मला उजेड शिकवलात.

"मीटर राहू दे, सावलीची कड बघ." ४०० संवेदनशीलतेची (आयएसओ) फिल्म, शटर १/२०० सेकंदावर, आणि लेन्सचं छिद्र सावलीवरून. कड धारदार असेल तर एफ २२, मऊ असेल तर १६, जेमतेम दिसली तर ११, सावलीच नसेल तर ८. वहीत लिहिलेलं हे पान आता उघडावं लागत नाही.

फ्रेमचा आकडा बघायच्या, कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या लाल खिडकीचं तर मला कुणीच सांगितलं नव्हतं. जुन्या ऑर्थो फिल्मला लाल उजेड दिसत नसे, आजच्या फिल्मला दिसतो. म्हणून उन्हात मी सूर्याकडे पाठ करून, अंगाच्या सावलीत रोल फिरवते. तोही कॅमेरा उघडल्यावरच, कारण भाता झटक्यात उघडला की हवा ओढली जाते आणि फिल्म फुगते.

गेल्या महिन्यात मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात गेले होते. आत अंधार, आणि नेट्टारचा सगळ्यात हळू वेग १/२५ सेकंद. कॅमेरा कट्ट्यावर टेकवला, 'बी' लावला (दाबून धरलं तोवर शटर उघडं), शटरची केबल दाबून धरली आणि तुमच्यासारखंच मोजलं: एक हजार एक, एक हजार दोन... चारपर्यंत. फोटोत खांबाच्या लाकडाची रेघ न् रेघ आली आहे. आजोबा असते तर त्यांना आधी दाखवला असता. आता तुम्हाला दाखवायचाय.

काका, मनापासून आभार. रविवारी प्रिंट घेऊन येते. कॅमेऱ्यात चार फ्रेम उरल्यात, दुकानाच्या दारात तुमचा फोटो काढायचाय. त्या दिवशी सावलीची कड मी बघणार.

तुमची,
नेट्टारवाली