लेस बांधत थांबणाऱ्या काकूंना

काकू,

तुमच्यासमोर हे बोलायला गेले की तुम्ही "चल गं, काहीतरीच" म्हणून विषय बदलणार, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. आता बदला विषय.

आई गेली त्याला दीड वर्ष होईल. त्याआधीची तीन वर्षं तिचं आजारपण, आणि त्या तीन वर्षांत माझी माणसं एकेक करून कधी गळाली ते कळलंच नाही. दर वेळी "नाही गं जमणार, तिला सोडून कसं येऊ" म्हणलं की लोक पुढच्या वेळी विचारत नाहीत, त्यांचं चुकतं असंही नाही. ती गेल्यावर पहिले काही दिवस घर भरलेलं होतं आणि मग एकदम चिडीचूप. सकाळी सहाला तिच्या गोळीचा अलार्म वाजायचा, मी तो काढलाच नव्हता. उठायचे आणि खिडकीत जाऊन उभी राहायचे, कारण उठून पुढे करायचं काय तेच सुचायचं नाही.

सल्ले मात्र भरपूर मिळाले. "काही लागलं तर हक्काने सांग" हे तर इतक्यांदा ऐकलं की शेवटी नुसतं "हो हो" म्हणायचे. अहो, ज्याला अंघोळीला उठायचं जिवावर येतंय तो काय यादी करून फोन करणारे का? आणि तो हार्वर्डचा अभ्यास! 1938 साली सुरू झालेला, 724 पुरुषांचा तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत माग काढलेला, पुढे त्यांच्या बायकामुलांनाही त्यात घेतलेलं. त्याचे प्रमुख रॉबर्ट वॉल्डिंगर यांचं 2015 चं भाषण आहे, पैसा नाही, प्रसिद्धी नाही, चांगली नाती माणसाला आनंदी आणि धडधाकट ठेवतात असं सांगणारं. भाषण चांगलंच आहे. पण मला ते चार जणांनी फॉरवर्ड केलं आणि ते चौघंही माझ्या घरापासून अर्ध्या तासाच्या आत राहतात. नाती महत्त्वाची असतात एवढं कळवलं, आलं कुणी नाही.

ऑफिसनेही एक ऑनलाइन सेशन ठेवलं होतं. रोज रात्री दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहा म्हणे. नंतर वाचलं तेव्हा कळलं की हे काही हवेतलं नाही, मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये छापलेल्या प्रयोगात एक आठवडा असं लिहिणाऱ्यांना सहा महिन्यांनंतरही जास्त बरं वाटत होतं. असेल. मी पहिल्या रात्री तीन ओळी लिहिल्या, दिवस संपला, दिवस संपला, दिवस संपला. वही बंद.

आणि मग तुम्ही. खरं तर तुमची माझी ओळख म्हणजे जिन्यात हसण्यापुरती. एकदा जिन्यातच म्हणालात, "सव्वासहाला मी फिरायला निघते, यायचं तर ये, नाही आलीस तरी मी जातेच." बास. कशी आहेस नाही, किती वाळलीस नाही, आईची आठवण येत असेल ना तेही नाही. मी मान हलवली आणि अर्थातच आले नाही.

पण मी खिडकीत असायचे ना काकू. तुम्हाला वाटलं असेल दिसत नाही. तुम्ही खाली यायच्या, शेवटच्या पायरीवर बसायच्या आणि बुटाची नीट बांधलेली लेस सोडून परत बांधायच्या. आधी डावी. मग उजवी. मग उगाच परत डावी. दोनेक मिनिटं. वर माझ्या खिडकीकडे एकदाही बघितलं नाहीत, मग उठून निघून जायच्या. पहिल्या दिवशी वाटलं लेस सैल असेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लक्षात आलं की ही बाई माझ्यासाठी थांबतीये, आणि थांबतीये हे मला कळू नये म्हणून लेस बांधतीये. किती दिवस चाललं ते मोजलं नाही, दोन आठवडे तरी नक्की. मला त्या खिडकीत उभं राहून रडू आलं होतं, आई गेल्यावर जेवढं आलं नव्हतं तेवढं.

ज्या दिवशी आले त्या दिवशी घरातल्या चपलाच घालून आले होते. तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, "वारा आहे आज," आणि चालायला लागलात. "अगंबाई, आलीस एकदाची!" असं म्हणाला असतात तर मी दुसऱ्या दिवशी आले नसते, खरं सांगते. मदत करणाऱ्यांना बहुतेक वेळा आपण मदत करतोय हे दिसायला हवं असतं, तुम्हाला ते लपवायचं होतं. अशी माणसं असतात, आपल्या अवतीभवती असतातही बहुतेक, पण गाजावाजा करत नाहीत म्हणून दिसत नाहीत आणि आपण मात्र व्हिडिओ फॉरवर्ड करणाऱ्यांनाच माणसं धरून बसतो.

रस्त्यावर आपण फार बोलायचो असंही नाही. तुमचे गुडघे, माझी झोप, संपलं. पण तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाशी दोन शब्द बोलता, मला आधी वैताग यायचा, सकाळी सकाळी काय हे. तो तीन पायांच्या कुत्र्यावाला, बॅग सांभाळत बससाठी थांबलेली मुलगी, कुंड्यांना पाणी घालणारे आजोबा, ज्यांना ऐकू येत नाही म्हणून तुम्ही नुसता हात करता. महिन्याभरात तीच माणसं मला विचारायला लागली, "काल दिसला नाहीत?" काल मी दिसले नाही हे कुणाच्या तरी लक्षात आलं होतं! जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांचा 2014 चा अभ्यास नंतर वाचनात आला, ज्या दिवशी विद्यार्थी नेहमीपेक्षा जास्त वर्गमित्रांशी बोलले त्या दिवशी ते जास्त आनंदी होते, जिवलग मित्र नाही हां, नुसते तोंडओळखीचे. मला जिवलग कुणी परत मिळालं नाही अजून. पण सकाळच्या वीस मिनिटांत मला सात-आठ माणसं ओळखतात आणि एक कुत्रा. त्या बंद केलेल्या वहीत परवा लिहिलं, कुत्र्याने लांबून ओळखलं. एकच गोष्ट लिहिली, बाकीच्या दोन राहू देत.

परवा एका नातेवाइकांनी (फॉरवर्डवाल्या चौघांपैकीच) बघितलं आणि म्हणाले, "चेहऱ्यावर तेज आलंय, शेवटी वेळ हेच औषध." मी बोलले नाही काही. नुसत्या वेळेने काही झालं नाही, सव्वासहाच्या वेळेने झालं.

हे सगळं लिहायला मी इतके महिने का लावले? लाज वाटत होती, तुम्हाला अवघडल्यासारखं होईल असं वाटत होतं. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी 2018 मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. आभाराचं पत्र लिहिणाऱ्याला वाटतं समोरचा अवघडेल, प्रत्यक्षात तो त्यांच्या अंदाजापेक्षा कमी अवघडतो आणि खूश जास्त होतो. तुमच्या बाबतीत हा नियम चालेल याची मला खात्री नाही, तुम्ही बहुतेक दोन दिवस माझ्याशी बोलणार नाही. चालेल. गप्प बसून चालू.

तुमची,
पहिल्या मजल्यावरची

ता.क. तुमच्या डाव्या बुटाची लेस टोकाला उसवलीये, कधीही तुटेल. नवी जोडी आणून ठेवलीये, उद्या खाली येताना घेऊन येते.