आकडा जुना, दुरुस्ती ताजी: डेबियनच्या स्वयंसेवकांना पत्र

डेबियनच्या सुरक्षा गटास आणि पॅकेजं, म्हणजे बसवायला तयार प्रोग्रॅम, सांभाळणाऱ्या सर्व स्वयंसेवकांस,

स. न. वि. वि.

तुम्ही डेबियन ही लिनक्सवरची मुक्त संगणकप्रणाली बनवता. तिची नवी आवृत्ती आली की तुमचं कौतुक होतंच. ९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियन १३, म्हणजे ट्रिक्सी, आली तेव्हाही झालं. हे पत्र मात्र त्यानंतरच्या कामासाठी आहे. आवृत्तीची तीन वर्षं सुरक्षा गट आणि पुढची दोन वर्षं दीर्घकालीन गट ती निगुतीनं राखतो. त्या काळात टाळ्या वाजत नाहीत. घरातल्या, दुकानांतल्या, वाचनालयांतल्या संगणकांवर डेबियन बसवून देणाऱ्या आमच्यासारख्यांचं सगळं काम याच राखणीवर उभं आहे.

एखाद्या प्रोग्रॅममध्ये भगदाड सापडलं की मूळ लेखक बहुधा नवी आवृत्ती काढून मोकळे होतात. तुम्ही त्यातली नेमकी दुरुस्ती तेवढी उचलता, जुन्या आवृत्तीत बसवता आणि आवृत्तीच्या आकड्याला ‘डेब१३यू१’ असं शेपूट जोडता. म्हणून अपडेटनंतरही मेनू जागच्या जागी असतात, सेटिंगची फाईल चालते आणि बिलं छापणारा प्रिंटर रुसत नाही. फायरफॉक्स ईएसआर आणि क्रोमियम हे ब्राउझर अपवाद. त्यांच्या दुरुस्त्या सुट्या करणं आवाक्याबाहेरचं असल्यानं ते नव्या आवृत्तीसकट येतात. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, ६.१२ या आपल्याच मालिकेत पुढे सरकतो.

या पद्धतीमुळे एक गैरसमज मात्र हमखास होतो. तपासणीचं एखादं सॉफ्टवेअर आकडा पाहून ‘जुनं, असुरक्षित’ असा शेरा मारतं आणि मालक घाबरून बाहेरून नवीन पॅकेज आणायला निघतो. उत्तर तुम्हीच देऊन ठेवलंय: टर्मिनलमध्ये ॲप्ट या पॅकेजं बसवणाऱ्या साधनाची ‘ॲप्ट चेंजलॉग’ ही आज्ञा आणि पुढे पॅकेजचं नाव लिहिलं की दुरुस्त केलेल्या त्रुटीचा सीव्हीई, म्हणजे ओळखीचा, क्रमांक नोंदीत दिसतो. बाहेरचं पॅकेज बसवलं तर आकडा चकचकीत होतो, पण त्या पॅकेजपुरती तुमची राखण तिथेच संपते. उबुंटू या डेबियनवरून बनलेल्या प्रणालीचे पीपीए, म्हणजे बाहेरचे पॅकेजसाठे, डेबियनवर जोडणाऱ्यांना हे सांगून आमचा घसा बसलाय.

मार्च २०२४ मधलं एक्सझेड या फाईली आवळणाऱ्या प्रोग्रॅमचं प्रकरण आठवतं. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणी तरी मुद्दाम चोरवाट पेरली होती. तुमच्याच अनस्टेबल, म्हणजे घडणीतल्या, शाखेवर एसएसएचचं, म्हणजे दुरून यंत्रात शिरण्याचं, लॉगिन अर्धा सेकंद रेंगाळतंय, हे अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरच्या नजरेत आलं आणि २९ मार्चला सगळं उघड झालं. स्टेबल, म्हणजे सर्वांसाठीच्या, शाखेत तेव्हा ५.४.१ होती, म्हणून ती यंत्रं सुखरूप राहिली. तुम्ही ६ एप्रिलला ठरलेली १२.६ ही उपआवृत्ती लांबणीवर टाकली. अनस्टेबलमध्ये मागे जायचं, तर ॲप्ट आपणहून खालच्या आकड्यावर उतरत नाही. म्हणून तुम्ही आकडा ठेवलात ‘५.६.१+रिअली५.४.५’. दिसायला बेंगरूळ, पण त्यामुळे नेहमीच्या अपडेटमध्येच विषारी आवृत्ती निघून गेली.

तुमच्या हातून चूक झाली तीही लपली नाही. २००६ मधल्या एका बदलानं ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या प्रोग्रॅमचा किल्ल्या बनवतानाचा यादृच्छिकपणा जवळजवळ संपला होता. १३ मे २००८ ला तुम्ही ते जाहीर केलंत आणि कच्च्या किल्ल्या ओळखण्याचं साधनही सोबत दिलंत. आमचा विश्वास त्या जाहीर करण्यावर बसलाय.

तुमची दुरुस्ती यंत्रापर्यंत पोचायची राहते ती बहुतेक वेळा आमच्या बाजूनं. इंटरनेटशिवाय इन्स्टॉल केलं तर ॲप्टच्या यादीत कधी कधी नुसती डिस्कची ओळ उरते, आणि अपडेट मागितलं की ते डिस्क घाला म्हणत बसतं. तिथे ‘ट्रिक्सी’, ‘ट्रिक्सी-सिक्युरिटी’ आणि ‘ट्रिक्सी-अपडेट्स’ अशी तिन्ही नावं हवीत. ‘स्टेबल’ लिहू नये. लिहिलं तर पुढची आवृत्ती निघाल्यावर साध्या अपडेटच्या नादात यंत्र अर्धवट उडी मारतं. डेबियन ११ वरून चढत आलेल्या यंत्रांत आणखी एक खोच आहे. १२ पासून फर्मवेअर, म्हणजे हार्डवेअरच्या आत चालणारे प्रोग्रॅम, ‘नॉन-फ्री’मधून ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या वेगळ्या विभागात गेलं. यादीत तो विभाग नसेल तर प्रोसेसरच्या मायक्रोकोडच्या दुरुस्त्या येणं थांबतं, आणि पडद्यावर काहीच बिघडलेलं दिसत नाही.

रोजच्या सुरक्षेसाठी आम्ही ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ हे आपोआप अपडेट करणारं पॅकेज बसवतो. ते मूळ सेटिंगवर यंत्र आपोआप रीस्टार्ट करत नाही आणि बाहेरच्या रेपॉझिटरींना, म्हणजे पॅकेजसाठ्यांना, हात लावत नाही. म्हणजे दुरुस्त कर्नल डिस्कवर आणि जुना कर्नल चालू, असे महिने जाऊ शकतात. ‘यूनेम -व्ही’ चालू कर्नलचा खरा डेबियन आकडा सांगतं. तो बसवलेल्या पॅकेजशी ताडून पाहावा. दुसरी अडचण एन्क्रिप्शनवाल्या यंत्रांवर येते. तिथे डिस्कवर ‘बूट’चं, म्हणजे कर्नल ठेवायचं, विभाजन वेगळं असतं. आधीच्या आवृत्त्यांत ते जेमतेम अर्ध्या जीबीचं होतं. दोन-तीन कर्नल साठले की ते भरतं, इनिटरॅमएफएस ही यंत्र सुरू होताना लागणारी फाईल लिहिताना जागा नाही असा निरोप येतो आणि अपडेट मधेच लटकतं. ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ जुने कर्नल काढतं, चालू असलेल्याला धक्का न लावता. एनव्हिडियाचं ड्रायव्हर असेल तर ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ हे पॅकेज बसवलेलं हवं, आणि सिक्युअर बूट (सही असलेलंच सुरू होऊ देणारी सोय) चालू असल्यास नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर बांधणाऱ्या डीकेएमएसची किल्ली ‘मोकयुटिल’नं नोंदवलेली हवी. नाही तर नव्या कर्नलवर पडदा काळा येतो. मग वापरणारा जुनाच कर्नल धरून बसतो, आणि तुमची मेहनत वाया.

इन्स्टॉलर मराठीत चालतो, त्याबद्दल अनुवाद करणाऱ्यांचे वेगळे आभार. ग्राफिकल पर्याय निवडला की पहिल्याच पडद्यावर यादीत मराठी असते. फक्त एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कचा पासफ्रेज रोमन अक्षरांत ठेवावा, कारण सुरू होतानाच्या त्या पायरीवर देवनागरी टाइप करायची सोय गृहीत धरता येत नाही. आणि रूट या सर्वाधिकारी खात्याचा पासवर्ड विचारला की जागा रिकामी सोडावी: मग पहिला वापरकर्ता आपोआप ‘सुडो’ गटात जातो, म्हणजे त्याला रूटची कामं करता येतात. तिथे पासवर्ड भरला तर नंतर ‘सुडो’ चालत नाही, आणि ‘लिनक्स बिघडलं’ अशी तक्रार येते.

१२ वरून १३ वर जाताना आम्ही तुमच्या रिलीज नोट्सचा क्रम पाळतो. बॅकअप, बाहेरच्या रेपॉझिटरी बंद, मग नवी पॅकेजं न आणता किमान अपग्रेड आणि शेवटी ‘ॲप्ट फुल-अपग्रेड’. ३२ बिटच्या जुन्या पीसींसाठी मात्र १३ मध्ये इन्स्टॉलर आणि कर्नल नाहीत, ती यंत्रं १२ वरच थांबली आहेत. त्यांना २०२८ च्या जूनअखेरपर्यंत दीर्घकालीन गटाचा आधार आहे, ही त्यांच्या मालकांच्या वतीनं खास पोच.

आमच्याकडच्या बगांची नोंद यापुढे ‘रिपोर्टबग’मधूनच, पॅकेजच्या शेपटासकट पूर्ण आकडा देऊन करू.

कळावे, लोभ असावा.

आपले,
डेबियन बसवून देणारे काही जण