माणसं मिळतात, टिकत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी तोंडावर आली की तारकर्ली-देवबागपासून दापोली-मुरुडपर्यंत हॉटेलवाल्यांचं एकच गाऱ्हाणं सुरू होतं: माणसं मिळत नाहीत, मिळाली तर टिकत नाहीत, टिकली तर लक्ष देऊन काम करत नाहीत. त्यापाठोपाठ 'कोकणी पोरांना कष्ट नकोत' हे ठरलेलं वाक्य येतंच. हीच पोरं मुंबईच्या हॉटेलांत आणि जहाजांवर बारा-बारा तास उभी असतात. तेव्हा खोट पोरांत शोधण्याआधी ड्युटी चार्ट उघडून बघावा.

शुक्रवारची रात्र घ्या. मुंबईची गाडी महामार्गावर रखडते, पाहुणा साडेअकराला पोचतो आणि त्याला गरमागरम सुरमई थाळी हवी असते. जेवणं, भांडी, ओटा आवरून आचारी आणि वेटर आडवे होईतो एक वाजतो. सकाळी साडेसातला घावणे-चटणी मांडायची, म्हणजे सहाला उठणं आलं. शनिवारी पुन्हा तेच. रविवारी दुपारी सगळी टेबलं भरलेली असताना शाकाहारी थाळीत तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) रश्श्याचा डाव पडतो, माशाची तुकडी बाहेरून खरपूस आणि आत कच्ची राहते आणि रात्री 'सर्व्हिस बेकार' असा शेरा नेटवर येतो. दोन रात्री जेमतेम पाच-पाच तास झोपलेल्या माणसाकडून याहून वेगळं काय होणार? उपाय खर्चिक नाही. रात्री थांबलेल्याची दुसऱ्या दिवशीची ड्युटी अकराला सुरू करावी आणि न्याहारीला वेगळी दोन माणसं लावावीत. नऊनंतर येणाऱ्या पाहुण्याचं जेवण आठच्या आत फोनवर ठरवून घ्यावं आणि त्या वेळेला मेनू पिठलं, डाळ-भात, सोलकढी एवढाच ठेवावा.

ब्रेक शिफ्टचा हिशेबही असाच फसवा आहे. दुपारी तीन ते साडेसहा विश्रांती, असं मालक सांगतात. पण ती घ्यायची कुठे? स्टाफची खोली बहुधा जनरेटरच्या मागे, वर पत्रा, आठ जणांत एक संडास आणि एक पंखा. मे महिन्यात दुपारी त्या पत्र्याखाली कोणी पडू शकत नाही. पोरं माडाच्या सावलीत मोबाइल बघत बसतात आणि संध्याकाळी दमलेलीच कामाला लागतात. कागदावर नऊ तास, अंगावर सोळा. राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला 48 तास, सलग 24 तासांची साप्ताहिक सुट्टी आणि जादा तासांना दुप्पट दर आहे. लहान हॉटेलं त्याच्या बऱ्याचशा भागातून सुटतात, म्हणून थकवा काही सुटत नाही.

खोल्यांचं गणित तर बोटांवर मांडण्यासारखं आहे. चेक-आउट अकराला, चेक-इन बाराला, खोल्या दहा, मावशी दोन. चादरी बदलणं, बाथरूम घासणं, वाळू झाडणं, लादी पुसणं धरून एका खोलीला किमान 35 मिनिटं लागतात (किनाऱ्यावर वाळू कोपऱ्याकोपऱ्यांत जाते). वाट्याला पाच खोल्या, म्हणजे जवळपास तीन तास. हातात आहे एक. मग नळाखालचा कोपरा राहतो, उशीचा अभ्रा तोच राहतो आणि बोलणी मावशी खाते. चेक-आउट दहाला, चेक-इन एकला केलं की तीच मावशी तेच काम नीट करते. दर पलंगामागे चादरींचे तीन संच हवेत: एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. पावसाळी दमट हवेत चौथा लागतो. दोनच असतील तर ओलसर चादर घालण्यावाचून तिला गत्यंतर नसतं. आणखी एक, तिची ड्युटी गावच्या शेवटच्या एसटीच्या आधी सुटली पाहिजे. बायका काम सोडतात त्यामागे पगारापेक्षा ही चुकणारी गाडी पुष्कळदा असते.

वाईट शेरा आला की पगार कापण्याची रीत काही ठिकाणी आहे. त्याने सेवा सुधारत नाही, तक्रारी दडपल्या जातात. गीझर बिघडला तरी पोरगा सांगत नाही, कारण सांगितलं की खापर त्याच्यावर. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1959 मध्ये मांडलं होतं की पगार, कामाची जागा, वरिष्ठांची वागणूक बिघडली की माणूस नाराज होतो, पण ती सुधारली म्हणून लगेच जोमाने कामाला लागत नाही. जोम येतो जबाबदारीने आणि कामाची दखल घेतल्याने. त्याचा अभ्यास इंजिनीअर आणि हिशेबनिसांवरचा होता, वेटरलाही तो चांगला लागू पडतो. 300 रुपयांपर्यंतचा पदार्थ मालकाला न विचारता बदलून द्यायची मुभा वेटरला असली, तर टेबलावरची निम्मी भांडणं तिथेच मिटतात. टिपांची पेटी दर आठवड्याला सगळ्यांसमोर उघडावी आणि त्यात आचारी व भांडीवालीचा वाटा असावा. पगार सीझन संपेपर्यंत अडकवून माणूस बांधून ठेवता येतो, त्याचं मन बांधता येत नाही.

राहिला गणपती आणि शिमगा. या दिवसांत स्थानिक माणूस घरी जाणारच, त्यावर घासाघीस करू नये. नेपाळहून आलेल्या पोरांचा दशैं हा सण आपल्या नवरात्र-दसऱ्याच्या सुमारास येतो. म्हणजे गणपतीत त्यांनी आणि दशैंत स्थानिकांनी हॉटेल सांभाळायचं, असा सौदा सहज जमतो. मात्र तो जूनमध्ये, पर्यटक नसताना, लेखी ठरवावा. ऑगस्टमध्ये कोणी ऐकत नाही.

आपला,
पर्यटन व्यवसायातील एक वाचक, मालवण