उलटं करून बघ

ब्रिस्टल
ऑक्टोबर

प्रिय अन्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. रेगे या जमैकन संगीताच्या जुन्या रेकॉर्ड आणि इंग्लंडमधली १९५०-६० च्या दशकांतली स्टुडिओ पॉटरी, म्हणजे कलावंत-कुंभारांनी स्वतः घडवलेली भांडी, या माझ्या दोन वेडांचा एकमेकांशी काय संबंध, असं तू विचारलंस. फोनवर दोन वाक्यांत उरकावं असं हे नाही, म्हणून लिहायला बसलो.

सेसिल बॉ हे नाव आधी ऐक. जमैकातला कुंभार, जन्म १९०८ चा. किंग्स्टनमध्ये 'यॅबा' नावाची आफ्रिकी वळणाची भांडी घडवणाऱ्या बायकांकडून तो हे काम शिकला. १९४८ मध्ये इंग्लंडला आला आणि कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्हज गावी बर्नार्ड लीच या नामांकित इंग्रज कुंभाराच्या हाताखाली राहिला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये 'विंडरश' बोटीतून शेकडो जमैकन टिलबरीच्या धक्क्यावर उतरले होते. बॉ परत गेला आणि १९५० साली उभ्या राहिलेल्या जमैकाच्या कलाशाळेत मुलांना चाक शिकवू लागला. जे इथेच राहिले त्यांना गावाकडचं संगीत हवं होतं. ती भूक होती म्हणून १९६२ मध्ये आयलंड ही रेकॉर्ड कंपनी जमैकाहून लंडनला आली, १९६८ मध्ये ट्रोजन ही दुसरी कंपनी निघाली, आणि म्हणूनच आज ब्रिस्टलच्या जुन्या घरांतून ह्या रेकॉर्ड बाहेर पडतात. माझ्या फडताळातले दोन्ही कप्पे मुळाशी असे जोडलेले आहेत.

आता मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट. दोन्ही वस्तू उलट्या करून बघायच्या असतात. सात इंची रेकॉर्डच्या मागच्या बाजूला पुष्कळदा 'व्हर्जन' असतं : तेच गाणं, पण गाणाऱ्याचा आवाज काढून टाकलेला, म्हणजे साउंड सिस्टिमवरच्या, अर्थात मोठमोठे स्पीकर लावून गाणी वाजवणाऱ्या ताफ्यातल्या, डीजेला त्यावर स्वतःचं बोलता येतं. किंग्स्टनचा किंग टबी मूळचा रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा माणूस. त्याने मिक्सिंगच्या पट्ट्यांवर ढोल आणि बास तेवढे ठेवून बाकीचं आत-बाहेर केलं, प्रतिध्वनी सोडले, आणि त्यातून डब हा रेगेचा नवा प्रकार उभा राहिला. मला व्हर्जन मूळ गाण्याहून प्रिय आहेत, हे मी ठामपणे सांगतो. काही रेकॉर्डवर लेबल कोरंच असतं. मग दिव्याखाली तिरकी धरायची आणि शेवटच्या खाचेनंतरच्या गुळगुळीत पट्टीत हाताने कोरलेला नंबर वाचायचा. त्यावरून रेकॉर्ड कोणाची याचा माग लागतो.

भांड्याचंही तसंच. तळाच्या कड्यावर झिलई नसते, त्यामुळे खरी माती तिथे दिसते, आणि जवळच शिक्का. लूसी री ही कुंभारीण १९३८ मध्ये व्हिएन्नाहून जीव वाचवून लंडनला आली, युद्धाच्या काळात कपड्यांची बटणं करून जगली. १९४६ मध्ये हान्स कोपर तिच्याकडे कामाला आला. त्या दोघांनी मिळून केलेल्या कपांवर दोघांचेही शिक्के सापडतात. ती कच्च्या भांड्यालाच ब्रशने झिलई लावून विजेच्या भट्टीत एकदाच भाजायची. बहुतेक कुंभार दोनदा भाजतात. लीचचा मान मोठा, तरी माझ्या लेखी री त्याच्या पुढे. तिच्या वाडग्याची कड इतकी पातळ की हातात घेताना श्वास रोखला जातो.

तू सुरुवात करणार असशील तर री-कोपरच्या मागे लागू नकोस, त्या किमती आपल्या नाहीत. सेंट आइव्हजच्या कारखान्यातली रोजच्या वापराची भांडी घे. ती लीचच्या शिष्यांनी केलेली, पण चहा प्यायला उत्तम, आणि वापरायचीच. रेकॉर्ड घेताना आवरणाकडे बघू नकोस, खाचा बघ. जमैकात छापलेल्या रेकॉर्डमध्ये थोडी खरखर असतेच, तिला घाबरू नकोस. मधलं भोक मोठं असतं, तेव्हा प्लेअरसाठी अडॅप्टर आधी घेऊन ठेव.

ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागात जुलैत कॅरिबियन कार्निव्हल भरतो, यंदा आहे ना ते बघून तेव्हा ये. रस्त्यावरच्या साउंड सिस्टिमचा बास छातीत वाजतो, तो घरातल्या स्पीकरवर मिळत नाही. तिथून सेंट आइव्हजला जाऊ, लीचची जुनी भट्टी तिथे अजून आहे. व्हिसाचं एप्रिलमध्ये बघ.

काकूंना नमस्कार, चिनूला आशीर्वाद.

तुझा,
मंद्या