सहावं अंडं

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर 'पाच पिल्लं झाली' एवढंच सांगितलं. सहाव्याचं बोलवेना, म्हणून लिहितेय.

तू आणून दिलेल्या राजहंसांच्या जोडीतली मादी थंडीत मांगरातल्या पेंढ्यात अंडी घालू लागली. दिवसाआड एक. कोंबडीची सवय, म्हणून पहिली दोन मी उचलली. तिसऱ्याला नराने मान जमिनीलगत लांब केली, फुस्स करत आला आणि पोटरीला कडकडून चावला. आठवडाभर वळ होता. मग मी हात लावला नाही.

सात झाल्यावर ती बसली. त्याआधी छातीची पिसं चोचीने उपटून अंड्यांभोवती दाबत होती. मला वाटलं, आजारी पडली. शेजारच्या काकी म्हणाल्या, "अगो, अंथरूण करतेय ती." दिवसातून एकदा उठायची, तीही अंडी त्याच पिसांनी झाकून. चरायची, डोणीत अंग बुचकळायची आणि ओल्या पोटानेच परत बसायची. अंड्यांना ती ओल लागते म्हणे, नाहीतर आतला पापुद्रा सुकून पिल्लू अडकतं.

दहाव्या दिवशी ती चरायला गेली तेव्हा बाबांनी अंधारात अंड्यांमागे बॅटरी धरली. सहांत लाल शिरांचं जाळं दिसलं, मधे हलणारा काळा ठिपका. एक कोरं होतं, ते काढलं.

तिसाव्या दिवशी आतून चिवचिव आली आणि ती खाली मान घालून हळू आवाजात उत्तर देऊ लागली. मनी, ते ऐकताना मी तिथेच पेंढ्यावर बसून राहिले. दुसऱ्या दिवसापर्यंत पाच बाहेर आली. सहाव्याला नुसतं भोक पडलेलं. सकाळची दुपार झाली, चोच दिसे, पिल्लू येईना. ती उठली तशी मी नखाने टरफल सोललं. पापुद्र्यातून रक्त आलं. शिरा सुकल्या नव्हत्या, पोटाशी बलक अजून आत जायचा होता. भोक पडल्यावर दोन दिवसही लागतात, हे मला नंतर कळलं. संध्याकाळी ते गेलं. बाबांनी अबोलीपाशी पुरलं.

मादी रात्रभर घरट्यावरच होती, पाचही पंखांखाली. सकाळी त्यांना घेऊन अंगणात उतरली. आता ती गवताची कोवळी टोकं खुडतात, नर मागून चालतो, मला अजून जवळ येऊ देत नाही. महिन्याभरात पिवळी लव जाऊन पिसं येतील. त्याआधी दोन दिवसांची रजा काढून ये.

तुझी,
आई